परवानगीच्या राज्यांतील संन्यासी

बालाघाटच्या डोंगररांगेंत वसलेलें परळी हें गांव अवघ्या भारतवर्षाला वैद्यनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळें ठाऊक आहे. अहल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेलें तें देऊळ, त्याच्या रुंद पायऱ्या, महाशिवरात्रीला लोटणारी गर्दी, हें सारें शतकानुशतकें चालत आलेलें आहे. परंतु याच परळींत, शंभर वर्षांपूर्वींच्या काळांत, यात्रेंतून परतलेल्या पांचपन्नास शेतकऱ्यांनीं एकत्र बसून साऱ्याविषयीं, वेठीविषयीं किंवा आपल्या मुलांच्या शाळेविषयीं चार शब्द बोलावयाचे ठरविलें असतें, तर त्यांना अगोदर सरकारच्या दारांत अर्ज घेऊन उभें राहावें लागलें असतें. देवाच्या दर्शनाला जमणें निराळें आणि आपल्या दुःखाविषयीं बोलण्यासाठीं जमणें निराळें, असा भेद त्या राज्यानें केला होता. हा भेद ज्यानें मानला नाहीं आणि न मानण्याचें मोल आयुष्यभर चुकविलें, अशा एका पुरुषाची ही कथा आहे. त्यांचें नांव स्वामी रामानंद तीर्थ.

त्या वेळच्या हैदराबाद संस्थानाचें स्वरूप आजच्या तरुण श्रोत्यांना सहज ध्यानांत येणार नाहीं. सुमारें ८२,००० चौरस मैलांचा विस्तार, दीड कोटीहून अधिक वस्ती, आणि तेलुगु, मराठी व कन्नड अशा तीन भाषांचा प्रदेश एका राजाच्या अमलाखालीं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पांच जिल्ह्यांचा मराठवाडा हा त्या संस्थानाचा मराठी भाग होय. सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे १९११ सालीं गादीवर आले. कायदा म्हणजे त्यांचें फर्मान. प्रजेला जबाबदार असें मंत्रिमंडळ नव्हतें. राज्याच्या सुमारें चाळीस टक्के जमिनीवर जहागीरदारांची अथवा खुद्द निजामाच्या खाजगी मिळकतीची, म्हणजे सर्फ-इ-खासची, सत्ता चाले. तेथें रयतेचा निवाडा पुष्कळदां जहागीरदाराच्या मर्जीवर अवलंबून असे. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. ती भाषा गोड आहे आणि तिचें साहित्यहि थोर आहे. दोष त्या भाषेचा नव्हता. दोष एवढाच होता, कीं ज्या खेडुताला ती येत नसे त्याच्याविरुद्ध कागदावर काय लिहिलें आहे हें त्याला कळण्याचा मार्ग नसे.

या राज्यांत सर्वांत अधिक गाजलेला सरकारी कागद म्हणजे ‘गश्ती निशाण ५३’. गश्ती म्हणजे परिपत्रक. सभा भरवावयाची असेल तर अगोदर कळविलें पाहिजे, विषय सांगितला पाहिजे आणि अधिकाऱ्याची मान्यता आली पाहिजे, असा त्याचा आशय होता. खाजगी शाळा काढावयाची तरी परवानगी लागे, वाचनालय चालवावयाचें तरी पोलिसांची नजर असे, आणि बाहेरून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर बंदी केव्हां येईल याचा नेम नसे. या व्यवस्थेंत तुरुंग आणि लाठी यांचा उपयोग रोजच्या रोज करावा लागत नाहीं. तिचें खरें बळ त्यांत नसतें. माणसाला प्रत्येक लहान गोष्टीसाठीं अर्ज करावयास शिकविलें, कीं काहीं वर्षांनीं तो अर्ज न करतां विचारहि करीत नाहीं. अशा स्थितींत हक्क हा शब्दच लोकांच्या बोलण्यांतून नाहींसा होतो आणि त्याच्या जागीं मेहेरबानी हा शब्द येऊन बसतो.

रामानंद तीर्थ हे जन्मानें या संस्थानाचे प्रजाजन नव्हते. ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें त्यांचा जन्म झाला. पूर्वाश्रमीचें त्यांचें नांव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. सोलापूर, अंमळनेर व पुणें येथें त्यांचें शिक्षण झालें. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक गेले, त्या वेळीं या विद्यार्थ्यानें देशसेवेसाठीं अविवाहित राहण्याचा संकल्प केला आणि पुढें असहकाराच्या लाटेंत सरकारी शिक्षण सोडून राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग धरला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनीं कांहीं काळ मजुरांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांच्या हाताखालीं काम केलें. गिरणी कामगाराच्या चाळींतील जिणें त्यांनीं तेथें पाहिलें. नियमांनीं बांधलेल्या संघटनेचें महत्त्वहि तेथेंच त्यांना उमगलें.

१९२९ सालीं ते उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेंत शिक्षक म्हणून आले. एका आडगांवची ती शाळा. परंतु त्या काळच्या मराठवाड्यांत ज्या कांहीं मोजक्या ठिकाणीं मुलांना मराठींतून आणि मोकळ्या मनानें शिकावयास मिळे, त्यांपैकीं ती एक होती. हिप्परग्यास असतांनाच व्यंकटेशरावांनीं संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतलेला पुरुष सहसा अरण्याकडे अथवा मठाकडे वळतो. हे मात्र शाळेच्या वर्गाकडेच वळले. घरदार, मालमत्ता, नोकरीची बढती यांपैकीं सरकारनें हिरावून घ्यावें असें त्यांच्यापाशीं कांहींच उरलें नाहीं. पुढील आयुष्यांत या निःसंगतेचा त्यांना किती उपयोग झाला, हें सहज दिसून येईल.

१९३५ सालीं स्वामीजी आपल्या कांहीं सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस आले. बाबासाहेब परांजपे हे त्या सहकाऱ्यांतील एक ठळक नांव. परळीपासून सुमारें पंचवीस किलोमीटरांवरचें हें गांव त्या काळीं सरकारदफ्तरीं मोमिनाबाद या नांवानें ओळखलें जाई. मराठी भाषेचे आद्यकवि म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें त्या मुकुंदराजांची समाधि तेथें आहे. दासोपंतांची भूमीहि तीच. अंबाजोगाईला रेल्वे नाहीं. विकाराबादेकडून आणि परभणीकडून येणारे लोहमार्ग परळीस मिळत, आणि म्हणून परळीचें स्थानक हें त्या भागाचें जगाकडे उघडणारें दार होतें. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पुस्तकें, पाहुणे, आणि पाहुण्यांच्या मागोमाग येणारे गुप्त पोलीस, यांची वाट याच लोहमार्गानें होती.

अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत स्वामीजींनीं जें केलें तें वरकरणीं अगदीं साधें होतें. त्यांनीं मुलांना शिकविलें. इतिहास शिकविला, भाषा शिकविली, व्यायाम घेतला, खादी वापरावयास लाविली. परंतु प्रश्न विचारण्याची संवय जडलेला विद्यार्थी हा अर्ज करण्याची संवय जडलेल्या राज्याला मानवत नाहीं. पुढें मराठवाड्याच्या लढ्यांत जे कार्यकर्ते खेडोपाडीं दिसूं लागले, त्यांच्यांत हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. बंदुकीपूर्वीं फळा आणि घोषणेपूर्वीं धडा, असा या चळवळीचा क्रम आहे.

१९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. तेलंगणांत आंध्र परिषद आणि कन्नड भागांत कर्नाटक परिषद अशा संस्था होत्याच. मराठवाड्यालाहि आतां स्वतःचें व्यासपीठ मिळालें. या परिषदांच्या मागण्या पाहिल्या तर त्यांत राजद्रोहाचा मागमूसहि सांपडत नाहीं. सभेचें स्वातंत्र्य असावें, मुद्रणाचें स्वातंत्र्य असावें, मातृभाषेंतून शिक्षण मिळावें, आणि प्रजेला जबाबदार अशी राज्यपद्धति टप्प्याटप्प्यानें यावी, एवढेंच मागणें होतें. निजामाला पदच्युत करा असें कोणी म्हणत नव्हतें. परंतु भाषिक परिषदा एकेकट्या दुबळ्या पडतात, तिन्ही भाषांच्या लोकांची मिळून एक संस्था हवी, हा विचार बळावला आणि स्वामीजींनीं शाळा सोडून त्या कामास वाहून घेतलें. तिन्ही भाषिकांनीं मिळून हैदराबाद स्टेट कॉंग्रेस स्थापण्याचें ठरविलें.

येथें त्या राज्याचा खरा स्वभाव प्रकट झाला. संस्था रीतसर अस्तित्वांत येण्याच्या आधींच, सप्टेंबर १९३८ मध्यें, तिच्यावर बंदी घालण्यांत आली. गुन्हा घडल्यावर शिक्षा देणारीं राज्यें जगांत पुष्कळ आहेत. परंतु जन्माला न आलेल्या संस्थेला अपराधी ठरविण्याचा मान हैदराबादनें मिळविला. कॉंग्रेस या शब्दामुळें संस्थेचा बाहेरच्यांशीं संबंध असल्याचा संशय येतो आणि ती संस्था एका धर्माच्या लोकांची आहे, अशीं कारणें पुढें केलीं गेलीं. कार्यकर्त्यांनीं सभासदत्व सर्व जातिधर्मांना खुलें असल्याचें सांगितलें. त्याचा उपयोग झाला नाहीं.

मग २४ ऑक्टोबर १९३८ रोजीं गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखालीं पहिल्या तुकडीनें सत्याग्रह केला. सत्याग्रह तो कसला? आपण स्टेट कॉंग्रेसचे सभासद आहों, एवढें उघडपणें सांगावयाचें आणि पोलिसांच्या स्वाधीन व्हावयाचें. तीन दिवसांनीं, २७ ऑक्टोबरला, स्वामीजींनीं हेंच केलें, आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आपण कोण आहों हें सांगण्याबद्दल दीड वर्ष तुरुंग, हा हिशेब ज्या राज्यांत होतो तेथें आणखी कोणत्याहि पुराव्याची गरज राहत नाहीं.

त्याच सुमारास विद्यार्थ्यांत ‘वंदे मातरम्’ चळवळ उठली. औरंगाबादच्या महाविद्यालयांत आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांत हें गीत म्हणण्याचा आग्रह धरला. शेकडों विद्यार्थ्यांना काढून टाकण्यांत आलें. त्यांपैकीं कित्येकांना नागपूर विद्यापीठानें आपल्या महाविद्यालयांत जागा दिली. भारताचे पुढील काळांतील पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांतच होते. पुण्याहून आ. कृ. वाघमारे यांनीं १९३८ सालीं ‘मराठवाडा’ हें साप्ताहिक सुरू केलें. संस्थानांत त्यावर बंदी आली कीं तें नांव बदलून पुन्हां निघे, त्याहि नांवावर बंदी आली कीं आणखी एक नांव घेई. छापलेला शब्द आणि तो अडविणारा शिपाई यांच्यामधली ही शर्यत मोठी उद्बोधक आहे. शिपायाला नांवाची यादी पाठ करावी लागे. वाचकाला मात्र मजकुरावरूनच ओळख पटे.

परंतु या कथेंत सारेंच उत्साहाचें आहे असें नाहीं. आर्य समाज आणि हिंदु महासभा यांनींहि त्याच वेळीं संस्थानांत स्वतंत्र सत्याग्रह आरंभिले होते. त्यांच्या मागण्या धार्मिक हक्कांच्या होत्या. तीन झेंडे एकाच वेळीं उभे राहिल्यामुळें स्टेट कॉंग्रेसच्या नागरी हक्कांच्या लढ्याला जातीय रंग असल्याचें सांगण्यास सरकारला आयतें निमित्त मिळालें. महात्मा गांधींनीं सत्याग्रह स्थगित करण्याचा सल्ला दिला आणि डिसेंबर १९३८ मध्यें, अवघ्या दोन महिन्यांत, तो स्थगित झाला. तुरुंगांत बसलेल्या सत्याग्रहींना हा निर्णय कडू वाटला असल्यास नवल नाहीं. तथापि त्यामागील तत्त्व विसरण्यासारखें नाहीं. सर्वांसाठीं मागितलेला हक्क हा एका पंथासाठीं मागितला आहे असें दिसूं लागलें, तर त्याचें निम्में बळ नाहींसें होतें. हक्काची भाषा ही सर्वांची असली तरच ती हक्काची.

यानंतर नांवाचा वाद लांबत गेला. कॉंग्रेस हा शब्द सोडला तर विचार करूं, असें सुचविण्यांत आलें. संस्थेनें तेंहि करून पाहिलें आणि ‘हैदराबाद नॅशनल कॉन्फरन्स’ असें नांव पुढें केलें. बंदी तशीच राहिली! म्हणजे अडचण नांवाची नव्हतीच. प्रजेनें आपल्या बळावर एकत्र येणें हीच अडचण होती. तडजोडीचा हा अनुभव पुढील काळच्या कार्यकर्त्यांना फार कांहीं शिकवून गेला. अनियंत्रित सत्ता ज्या अटी घालते त्या पाळल्या तरी ती समाधान पावत नाहीं. कारण अट हें तिचें निमित्त असतें, हेतु नसतो.

१९४० सालीं गांधीजींच्या संमतीनें स्वामीजींनीं मोजक्या सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला आणि त्यांना पुन्हां तुरुंगांत जावें लागलें. १९४१ च्या अखेरीस ते सुटले. ऑगस्ट १९४२ मध्यें ‘चले जाव’चा ठराव झाल्यावर मुंबईहून परततांच त्यांना अटक झाली, ती १९४३ च्या अखेरीपर्यंत. एका संन्याशाच्या आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें अशीं तुकड्यातुकड्यांनीं तुरुंगाच्या भिंतींआड गेलीं. बाहेर संस्था बंदींत, आंत माणूस बंदींत; तरी संघटना मेली नाहीं. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, बाबासाहेब परांजपे, अनंत भालेराव अशा अनेकांनीं ती जागती ठेविली. जुलै १९४६ मध्यें, जवळजवळ आठ वर्षांनीं, स्टेट कॉंग्रेसवरील बंदी उठली. संस्थेंतील मवाळ व जहाल यांच्यांत अध्यक्षपदासाठीं चुरस झाली, आणि थोड्या मतांच्या फरकानें स्वामीजी निवडून आले.

बंदी उठली तेव्हां इतिहासाचा वेग वाढला होता. जून १९४७ मध्यें निजामानें आपण कोणत्याहि संघराज्यांत सामील न होतां स्वतंत्र राहणार असल्याचें जाहीर केलें. त्यापुढें मागणी केवळ सभेच्या परवानगीची राहिली नाहीं. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस संस्थानभर भारतांत विलीन होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळण्यांत आला. १५ ऑगस्टला उरलेला देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत असतांना हैदराबादेंत तिरंगा उभारणें हा गुन्हा होता. स्वामीजींनीं तो गुन्हा केला आणि त्यांना अटक झाली. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर जो ध्वज सन्मानानें फडकणार होता, तोच ध्वज हातीं घेतल्याबद्दल हैदराबादेंत तुरुंग मिळाला. २९ नोव्हेंबरला भारत सरकार व निजाम यांच्यांत ‘जैसे थे’ करार झाला व स्वामीजी सुटले. परंतु दोनच महिन्यांत, २६ जानेवारी १९४८ रोजीं, त्यांना पुन्हां पकडण्यांत आलें. लढ्याच्या सर्वांत भीषण महिन्यांत ते तुरुंगांतच होते.

तो काळ रझाकारांचा होय. लातूरचा वकील कासिम रझवी हा त्यांचा म्होरक्या. पगारी शिपायाला निदान कायद्याची थोडी लाज असते. ज्या टोळीला सत्तेचें पाठबळ आहे आणि जबाबदारी कसलीच नाहीं तिला तीहि नसते. खेडीं लुटलीं गेलीं, घरें जाळलीं गेलीं, हजारों कुटुंबें सीमा ओलांडून सोलापूर, नगर, वऱ्हाडकडे गेलीं. सीमेवर कार्यकर्त्यांचे तळ उभे राहिले. शिंदीचीं झाडें तोडणें, करोडगिरीचीं नाकीं जाळणें येथपासून सशस्त्र प्रतिकारापर्यंत लढ्याचीं रूपें बदललीं. ज्या चळवळीचा प्रारंभ आपलें नांव सांगून शांतपणें अटक करून घेण्यानें झाला होता तिला दहा वर्षांत येथवर यावें लागलें. शांततेनें बोलणाऱ्यांचीं तोंडें बंद केलीं म्हणजे शेवटीं कोण बोलूं लागतें, याचा हा धडा राज्यकर्त्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

या लढ्याला हिंदु विरुद्ध मुसलमान असें स्वरूप देणाऱ्यांनीं एक नांव अवश्य आठवावें. ‘इमरोझ’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनीं रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध आणि विलीनीकरणाच्या बाजूनें निर्भयपणें लिहिलें. त्यांना धमक्या आल्या. ते थांबले नाहींत. ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबाद शहरांत, कार्यालयांतून घरीं परततांना, रात्रीच्या वेळीं त्यांची हत्त्या करण्यांत आली, आणि लिहिणारा हात तोडण्यांत आला. ज्या भाषेला राज्याची भाषा म्हणून मिरविलें जात होतें, त्याच भाषेंत सत्य लिहिणाऱ्याला त्या राज्यानें वांचविलें नाहीं. जुलमाला धर्म नसतो. त्याला विरोध करणाऱ्या धैर्यालाहि एकाच धर्माची मालकी नसते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. स्वामीजी तुरुंगाबाहेर आले. मराठवाड्यांत हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो आणि तें योग्यच आहे. परंतु त्या विजयाच्या पाठोपाठ जें घडलें तेंहि सांगितल्यावांचून ही कथा प्रामाणिक होत नाहीं. रझाकारांचा अंमल संपल्यावर कित्येक ठिकाणीं निरपराध मुसलमानांवर सूड उगविण्यांत आला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनीं पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांना चौकशीसाठीं पाठविलें. त्यांच्या अहवालांत मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिलेला आहे, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांस सर्वाधिक झळ पोहोंचल्याचें म्हटलें आहे. हा अहवाल कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. सत्य दडविण्याची खोड केवळ राजांनाच असते असें नाहीं, हें त्यावरून दिसतें. ज्या हक्कांसाठीं हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शिक्षकांनीं तुरुंग पत्करला, ते हक्क लातूरच्या विणकऱ्याचे जितके होते तितकेच उस्मानाबादच्या मुसलमान शेतमजुराचेहि होते. जुलूम करणाऱ्याच्या जातीचा म्हणून एखाद्याचा जीव घेतला, तर जुलूम संपत नाहीं. तो फक्त हात बदलतो.

याच वर्षाच्या अखेरीस, १० डिसेंबर १९४८ रोजीं, पॅरिस येथें संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. कोणालाहि मनमानीनें अटक करतां येणार नाहीं, प्रत्येकाला मताचें आणि तें बोलून दाखविण्याचें स्वातंत्र्य आहे, शांततेनें सभा भरविण्याचा व संस्था काढण्याचा प्रत्येकास हक्क आहे, अशीं कलमें त्यांत आहेत. ‘सर्व पुरुष’ या शब्दांऐवजीं ‘सर्व मानव’ हे शब्द त्यांत यावे असा आग्रह भारताच्या प्रतिनिधि हंसा मेहता यांनीं धरला होता. परतूरच्या अधिवेशनांत मराठवाड्याच्या कार्यकर्त्यांनीं अकरा वर्षांपूर्वीं जें मागितलें तें आणि पॅरिसमध्यें जगानें जें मान्य केलें तें शेजारीं ठेवून पाहावें. दोहोंचा गाभा एकच आहे. गश्ती निशाण ५३ ला खरें उत्तर तेथें मिळालें. भारताच्या राज्यघटनेनें १९५० पासून तेंच उत्तर कलम १९ मध्यें नोंदविलें. सभा भरविणें ही मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजी लोकसभेंत दोनदां निवडून गेले. १९५२ मध्यें गुलबर्ग्याहून व १९५७ मध्यें औरंगाबादहून. मंत्रिपद त्यांनीं घेतलें नाहीं. निजामाचें राज्य जसेंच्या तसें टिकवून त्यावर नवे धनी बसविण्यापेक्षां तें भाषावार विभागावें, असें त्यांचें मत होतें, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तें घडलें. मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. २२ जानेवारी १९७२ रोजीं हैदराबाद येथें स्वामीजींचा देह पडला. नांदेडचें विद्यापीठ आणि अंबाजोगाईचें वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

परंतु इमारतींना नांवें देऊन असल्या माणसाचें ऋण फिटत नाहीं. त्यांच्या मृत्यूनंतर साडेतीन वर्षांतच, जून १९७५ मध्यें, स्वतंत्र भारतांत आणीबाणी पुकारली गेली. वर्तमानपत्रांचा मजकूर छापण्यापूर्वीं सरकारच्या डोळ्यांखालून जाऊं लागला, माणसें चौकशीवांचून स्थानबद्ध झालीं. त्या वेळीं तुरुंगांत गेलेल्या संपादकांत ‘मराठवाडा’ दैनिकाचे अनंत भालेराव होते. निजामाच्या राज्यांत स्वामीजींच्या बरोबरीनें लढलेल्या या कार्यकर्त्याला आपल्याच लोकांच्या राज्यांत पुन्हां गजाआड जावें लागलें. १९७७ मध्यें आणीबाणी उठली आणि मतदारांनीं आपला निकाल दिला. परंतु राजा गेला म्हणजे परवानगीचें राज्य कायमचें गेलें, ही समजूत त्या एकवीस महिन्यांनीं खोटी ठरविली.

स्वामी रामानंद तीर्थांचें मोठेपण ते अनेकदां तुरुंगांत गेले यांत नाहीं. तुरुंगांत जाणारे पुष्कळ असतात. जी गोष्ट मागावयाची नसते ती मागावयाची नाहीं, हा साधा नियम त्यांनीं स्वतः पाळला आणि शाळेंतल्या मुलांना शिकविला, यांत त्यांचें मोठेपण आहे. परळीच्या स्थानकावर आजहि गाड्या येतात, वैद्यनाथाच्या पायऱ्या माणसांनीं भरून वाहतात, आणि त्या माणसांना आपल्या गांवांतील पाण्याविषयीं, भावाविषयीं, शाळेविषयीं मोकळेपणानें बोलतां येतें. तें बोलणें कोणाच्या मेहेरबानीनें मिळालेलें नाहीं. त्यासाठीं एका शिक्षकानें आपल्या हयातीचीं उत्तम वर्षें मोजलीं आहेत. तें बोलणें वापरीत राहणें, आणि शेजाऱ्यालाहि तें बोलूं देणें, एवढ्यानेंच त्याची किंमत राखली जाते.